यंदाचं साल तुझं होतं

बाई, आता मी तुला 'तू' म्हणणार आहे. या घरात धाकटी सून म्हणून आले त्या दिवसापासून तोंडावर तुला 'तुम्ही' म्हणत आले आणि मनात कायम 'तू'. त्या 'तू'ला चिकटून जे शब्द यायचे ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. आता तुझ्या फोटोला हार पडला आहे. हरकत असेल तर उठून सांग.

तुझ्या तेरवीला लोक तुझ्याबद्दल जे बोलले ते ऐकताना मी पदर तोंडात कोंबून बसले होते. त्यांना वाटलं, जाऊ गेली म्हणून रडते आहे. वाटू दे. गिरजाबाई म्हणजे गाय होती, म्हणे. गिरजाबाईनं कधी कोणाला वाकडा शब्द बोलला नाही, म्हणे. रोवण्याला, धानाची लावणी करायला, आलेल्या बायांची कंबर सरळ झाली की धुऱ्यावरून जिच्या शिव्या सुरू व्हायच्या, जिनं सख्ख्या जावेच्या कोंबड्या ढेकळं मारून लंगड्या केल्या, ती गाय. बरं, गाय तर गाय, पण मारकी तरी म्हणावं. मेलेल्या माणसाचं लोक असंच करतात. आधी जाळतात, मग पाकात घालतात. मी तुला पाकात घालणार नाही. तू मला कधी घातलंस?

आपलं भांडण मध्येच राहिलं आहे, म्हणून लिहिते. तू भिंतीकडे तोंड करून निघून गेलीस. जन्मभर शेवटचा शब्द तुझा असायचा, तो इथेही तूच नेलास.

भांडण बोडीचं. दुसरं कशाचं असणार? वाटणी झाली तेव्हा घरातून भिंत गेली, धानाच्या बांध्यांतून नवा धुरा, म्हणजे मातीचा बांध, गेला, पितळेचे गुंड इकडे आणि काशाच्या थाळ्या तिकडे झाल्या. सासूबाईंचं एक लुगडं तर आपण दोघींनी खरोखर मधून फाडलं होतं, आणि दोघींच्याही कामाचं राहिलं नाही. पण शेताच्या डोक्यावरची ती बोडी, चार बांध्यांना पाणी पाजणारं ते एवढंसं तळं, कापता येईना. पाण्यात भिंत घालता येत नाही. मग सासूबाईंनीच तोड काढली. पाणी दोघांचं, मासे सालाप्रमाणे. एका अक्षय तृतीयेपासून दुसरीपर्यंत थोरल्यांचं साल, पुढचं धाकट्यांचं. ज्याचं साल त्याचे मासे, त्याचे शिंगाडे, त्याचीच कमळाची कांदं. अट एकच होती. उन्हाळ्यात बोडी आटते आणि मधल्या डोहात तेवढं पाणी उरतं, त्या डोहात कोणी जाळं टाकायचं नाही. तिथे जे उरेल ते बीज.

"डोव कोणाचाच नाही," म्हातारी म्हणाली होती. "ज्याचं साल आहे त्याचाबी नाही, अन् ज्याचं नाही त्याचाबी नाही."

तेव्हा मी मनात हसले होते. मी तुमसरात अकरावी सायन्सपर्यंत शिकलेली पोरगी. अकरावीच्या पुस्तकातली बेडकाची आकृती मला तोंडपाठ होती आणि भाकरी थापता येत नव्हती. पण अशा घरात आपण उजेड घेऊन आलो आहोत अशी माझी खात्री होती. आज ती सुमन माझ्यापुढे येऊन उभी राहिली तर मी तिला भांडी घासायला बसवीन आणि घासलेली परत घासायला लावीन.

त्या सुमनचा तो हिशेब आठवतो ना तुला? चुलीपुढच्या सारवलेल्या भुईवर मी कोळशानं मांडला होता. एक मरळ इतकी अंडी घालते. त्यातल्या निम्म्या माद्या धरल्या. त्या पुढच्या साली तितकीच अंडी घालणार. त्यांच्या पोरी पुन्हा. आकडे चुलीपासून उंबऱ्यापर्यंत गेले. थोड्याच सालांत बोडीत पाण्याला जागा राहणार नाही, मग मरळी गावच्या तलावात शिरतील, मग वैनगंगा मरळींनी भरून वाहील, असं मी तुला डोळे विस्फारून सांगत होते. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता विचारलंस,

"अन् खातीन का?"

"कोण?"

"मरळी. एवढ्या मरळी झाल्या त खातीन का? तुहा कोळसा?"

लहान मासे खातील, म्हटलं. मग लहान मासे काय खातील, विचारलंस. मी म्हटलं, आणखी लहान. तू सूप बाजूला ठेवलंस, पोतेरं उचललंस आणि माझी वैनगंगा उंबऱ्यापासून चुलीपर्यंत पुसून टाकलीस. वर म्हणालीस, सारवण खराब केलं ते वेगळंच.

पण तूही काही कमी शहाणी नव्हतीस, हे मी तेरवीला सांगणार होते. कोणी विचारलं नाही. पाणकावळ्यांचं साल आठव. तुझं साल होतं. ते काळे पक्षी बोडीच्या काठच्या वाळक्या फांद्यांवर पंख पसरून बसायचे आणि तुझ्या मनात आलं की हे माझे मासे गिळतात. मग तू पोरांना डबे दिलेस, फटाके दिलेस, स्वतः बोडीच्या पारीवर, काठच्या मातीच्या भरावावर, उभी राहून दिवसभर हाकलत राहिलीस. पाणकावळे गेले. मी म्हटलं होतं, बाई, असू द्या, ते आजारी-पाजारी उचलतात, गर्दी कमी करतात. तू म्हणालीस, पुस्तकात असंन. त्या उन्हाळ्यात जाळं ओढलं तेव्हा ते वर येईना इतकी मासळी लागली. तू माझ्याकडे बघून मिशा नसताना मिशीवर ताव दिलास. मग जाळं उघडलं. बोटाएवढी मासळी, सगळी. डोकं मोठं, अंग सुतळीसारखं. खाणारे फार आणि खायला नाही, म्हणून सगळीच अर्धपोटी वाढली होती. कढईत टाकली तर नुसते काटे उरले. तुझ्या नवऱ्याच्या घशात त्यातला एक अडकला आणि भाताचे गोळे गिळवून गिळवून तो उतरवावा लागला. मी भिंतीच्या अलीकडे बसून इतकी हसले की माझ्या सासऱ्यांना वाटलं मला बाहेरचं काही लागलं.

हसू नये. पुढचं साल माझं होतं.

मला बोडी स्वच्छ हवी होती. पाण्याखाली चिल्याचं गवत माजलेलं, कडेला देवधान, ते रानटी भात, उभं, कमळाची पानं सडलेली. शिकलेल्या बाईची बोडी अशी असते का? मी ऐकलं होतं की गवत्या नावाचा एक मासा असतो, तो पाण्यातलं गवत खाऊन तळं साफ करतो. आणली त्याची पिल्लं. तू पारीवर येऊन बघून गेलीस, काही बोलली नाहीस. तू बोलत नसलीस की समजून जावं, हे मला तेव्हा समजत नव्हतं. गवत्यांनी वचन पाळलं. बोडी आरशासारखी झाली. मी पाहुण्यांना मुद्दाम शेतात नेऊन दाखवत असे. पदर सावरून पाण्यात तोंड बघत असे. काय तोंड होतं बाई ते, आणि काय त्या तोंडावरचं तेज.

मग पाणी हिरवं झालं. मग वास मारू लागलं. चिला नाही तर बारक्या मासळीला अंडी चिकटवायला जागा नाही, पिल्लांना लपायला जागा नाही. बारकी मासळी नाही तर मरळीला घास नाही. देवधान गेलं तसे त्यात घरटी करणारे पक्षी गेले. डास मात्र राहिले. आणि त्या उन्हाळ्यात डोहात पाहिलं तर काळे मोठे गवत्ये सोडून दुसरं काही हलत नव्हतं. डोहाला कोणी हात लावला नव्हता, तरी डोह रिकामा झाला होता. ही युक्ती फक्त शिकलेल्या माणसाला जमते.

तुझ्या सालात तू ते गवत्ये एकेक करून काढलेस आणि बायांना वाटून टाकलेस. स्वतः एक तुकडा चाखलास आणि म्हणालीस, सुमीनं वासरू रांधल्यासारखं लागते. गावात ते वाक्य वर्षभर फिरलं.

नंतर पुन्हा माझं साल आलं, आणि त्या सालातल्या एका सकाळची मी तुला आठवण करून देणार आहे, कारण आपल्या भांडणाची मुळं तिथे आहेत. मी शेतात आले तर तू कमरेइतक्या पाण्यात उभी. लुगड्याचा काचा वर खोचलेला, काठावर टोपलं ठेवलेलं. गावच्या तलावातून चिला उपटून आणला होतास आणि त्याच्या मुळांना चिखलाचे गोळे बांधून एकेक खाली सोडत होतीस. मी पारीवर कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"बाई, साल माहं आहे. तुम्ही माह्या पाण्यात का करून राहिल्या?"

"रोवणा करून रायली."

"माह्यासाठी?"

"तुह्यासाठी मरत नाही मी. हे लागाले एक साल जाते. पुढचं साल माहं आहे."

मला फार आनंद झाला. पकडलं तुला, असं वाटलं. म्हटलं, "म्हणजे तुमाले बोडीची काळजी नाही. तुमच्या सालची काळजी आहे."

तू सरळ झालीस. कपाळावरचा घाम पुसायला गेलीस आणि चिखलच फासून घेतलास. माझ्याकडे असं पाहिलंस की जसं भुईवरच्या त्या कोळशाच्या हिशेबाकडे पाहिलं होतंस.

"येडी का तू? त्यात वेगळं का असते?"

मला फक्त 'येडी' ऐकू आलं. मी पाय आपटत घरी गेले आणि आठ दिवस तुझ्याकडून विरजण मागितलं नाही.

चिला लागला. देवधान आलं. बारकी मासळी पाटाच्या पाण्यानं आपली आपण शिरली. मरळी कशा आल्या ते मात्र तू एकटीनं पाहिलंस. पाऊस लागून राहिलेला, गावचा तलाव सांडलेला, आणि एक मरळ गवतातून, ओल्या धुऱ्यावरून, सापासारखी सरपटत आपल्या बोडीकडे चालली होती. हातातल्या काठीचा एक टोला घातला असतास तर त्या दिवशीचा रस्सा झाला असता. तू तिला चुकार वासरू हाकलावं तसं काठीनं पाण्याकडे हाकललंस. हे तू मला किती वर्षांनी सांगितलंस, आणि तेही मी तुझ्या डोक्याला तेल लावत होते म्हणून.

मरळीवरून तू लेकरं वाढवलीस, असं मी नेहमी म्हणायचे आणि तुला राग यायचा. पण खरंच ना. मरळीची पिल्लं लहान असतात तेव्हा लालभडक असतात. कुंकवाची पुडी पाण्यात सांडावी तसा त्यांचा घोळका वर येतो, खाली जातो, आणि आई खालून फिरत राहते. बेडूक आला, साप आला, माणसाचा पाय आला, कोणालाही चावते. पुस्तकात लिहिलं आहे की राखणीला बापही असतो. हे तुला वाचून दाखवलं तर तू म्हणालीस, आपल्या घरात कोण्या बापानं राखले? मासा आहे म्हणून राखत असंन. पण पिल्लांची लाली जाते, अंगावर काळे पट्टे येतात, आणि मग जे पिल्लू आईजवळ रेंगाळतं ते आईच्याच पोटात जातं. तेवढ्या पाण्यात तेवढी तोंडं मावत नाहीत.

तुझी पाच लेकरं. तुझ्या वाट्याची जमीन पाचांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला बांधी येणार नव्हती, नुसता धुरा आला असता. मधल्याचं लग्न ठरायच्या आधी तू त्याची पिशवी भरून रस्त्यावर ठेवलीस. तो रडत होता, तुझ्या पाया पडत होता. सगळं गाव बघत होतं. तू दारात उभी राहून म्हणालीस, "जा. जो घरी राहीन त्याले मीच खाईन." कोणी नागपूरला गेलं, कोणी हैदराबादला, कोणी सुरतेला. एक दिनेश तेवढा राहिला, कारण तो वरठीच्या कारखान्यात लागला आणि मोटारसायकलवर जाऊन-येऊन राहिला. तुझ्या तांदळावर जगला नाही. मी तेव्हा चारचौघींत म्हणाले होते की ही बाई आहे की कोण आहे. मी माझे दोघं पदराखाली राखले. आज दोघंही माझ्याच उरावर आहेत, आणि तुझ्या त्या पाणकावळ्यांच्या सालच्या मासळीसारखे आहेत. डोकं मोठं, अंग सुतळीसारखं. माझ्या नाती हे वाचतील. वाचा ग. तुमच्या बापांबद्दलच आहे.

आता यंदाचं बोलू.

यंदाचं साल तुझं होतं. उन्हाळ्यात दिनेशनं जाळं टाकलं, डोह सोडून बाकी बोडी धुंडाळली, मरळी मिळाल्या. पण तेव्हा तुझ्या पोटात अन्न ठरत नव्हतं. रश्शाचा वास आला तरी तू ओकायचीस. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं घरी न्या म्हटलं, म्हणजे काय म्हटलं ते तू आम्हा सगळ्यांच्या आधी समजलीस. आणि मग भर आषाढात, रोवणे चालू असताना, तुला मरळ आठवली. तुटक तुटक बोलत होतीस तेव्हा. मरळ पाहिजे. जवस घालून, चिंच घालून. डोक्यासकट.

दिनेशनं सिहोऱ्याच्या बाजारातून आणतो म्हटलं. तू मान हलवलीस. बाजारची नोको. माह्या बोडीतली.

बोडी तेव्हा तुडुंब. भरल्या पाण्यात मरळ कुठे आहे ते तिलाच माहीत. पण एका जागी ती नक्की होती, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. देवधानाच्या कडेला लाल घोळका वर-खाली होत होता. पिल्लं आहेत तिथे मरळ असतेच, पळत नाही. गळाला बेडकी लावून घोळक्यावर नाचवली की ती पिल्लांसाठी धावून येते आणि लागते. मासे धरण्यात याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. आणि ती वर काढली की घोळक्याखाली कोणी राहत नाही. गळ सोडवून होईपर्यंत लाल पाणी काळं होतं. बारकी मासळी, बेडूक, पाणकावळे, सगळे जेवून घेतात.

दिनेश गळ घेऊन निघाला. मी पारीवर आडवी गेले. म्हटलं, नाही. तो म्हणाला, काकू, आई मागून राहिली. म्हटलं, तुझी आई मागते, तिच्या आईनं मागितली असती तरी नाही. तो फार वेळ उभा राहिला नाही. रात्रपाळी करून आला होता, पाय चिखलात होते, आणि त्याच्या तोंडावर मला सुटका दिसली. पोराला वाईट वाटावं म्हणून मी ती दिसल्याचं त्याला सांगितलंही.

तू मला बोलावलंस. खाटेजवळ बसले. तुझे हात बघून मला त्या सुतळीच्या मासळीची आठवण झाली, आणि मी तसं म्हणणार होते, पण म्हटलं नाही. आयुष्यात एवढा एक विनोद मी गिळला आहे, त्याची नोंद असू दे.

"काहून नाही म्हणतस?"

"पिल्लं आहेत, बाई. लाल आहेत अजून."

"माहं साल आहे."

"साल तुमचं आहे. पण तुम्ही खाणार किती? वास घ्याल अन् थुंकाल. एका वासासाठी सगळी पिल्लं?"

हे मी म्हटलं. मरायला टेकलेल्या बाईला, जिच्या हाताचं मी चाळीस वर्षं खाल्लं, तिला. आणि मला लाज वाटली नाही. आजही फार वाटत नाही. तुला नुसतं गोंजारायला किती जण होते, आणि नाही म्हणायला मी एकटी.

तू छताकडे पाहिलंस. मग म्हणालीस,

"तुले बोडीची काळजी नाही, सुमे. पुढचं साल तुहं आहे. तुले तुह्या सालची काळजी आहे."

आणि भिंतीकडे वळलीस.

मी रोज आले. तुझं अंग पुसलं, तोंडात पाणी घातलं. तू डोळे मिटून घ्यायचीस. बाकीच्यांसाठी उघडायचीस, मी आले की मिटायचीस. इतका खुनशीपणा मरताना परवडतो कसा, ते मला शिकून घ्यायचं होतं. आणि मी घरी येऊन आडवी पडले की तुझं वाक्य छतावरून खाली यायचं. खरंच का? ती लाल पिल्लं मोठी होतील ती माझ्या सालात. मरळ वाचेल ती माझ्या जाळ्यासाठी. मी बोडी राखली की माझी कढई राखली? मी पुष्कळ उत्तरं जुळवली. एकही तुझ्यापुढे टिकलं नसतं.

आषाढ संपता संपता तू गेलीस. मसणातून बाया लवकर परततात. मी धुऱ्यावरून येत होते, बोडीपाशी आले, आणि कमरेइतक्या पाण्यात चिखल फासलेली तू मला दिसलीस. दिसलीस म्हणजे भूत नाही, आठवलीस. येडी का तू? त्यात वेगळं का असते?

तुझंच उत्तर होतं. इतक्या वर्षांपूर्वी तू ते माझ्या हातात दिलं होतंस आणि मी 'येडी' तेवढं ठेवून बाकीचं फेकून दिलं. खाटेजवळ बसून मी एवढंच म्हणायला हवं होतं, की त्यात वेगळं का असते, बाई. तू हसली असतीस. हसली नसतीस तर शिवी दिली असतीस. पण भिंतीकडे वळली नसतीस. मसणातून येताना सुचलेल्या उत्तराचं काय लोणचं घालायचं?

पुढचं ऐक, कारण तुला बघता आलं नाही. दहाव्याला तुझ्या आवडीचं पानावर ठेवायचं म्हणून सुरतवाल्यानं बाजारातून पंगास आणला. एक जण म्हणाला, श्रावण लागला, मासा कसा? दुसरा म्हणाला, मेलेल्या माणसाले कोनता श्रावण? पंगास रांधला. पान ठेवलं. सगळे हात जोडून कावळ्याची वाट बघत होते की आईचा जीव कशात अडकला असेल, आणि कावळा आला, आणि एका झेपेत पंगासचा तुकडा उचलून गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आई समाधानी गेली, म्हणे. मी तिथेच ओळखलं की तो कावळा तू नव्हतीस. बाजारच्या माशाला तू चोच लावली असतीस का?

अस्थी पोरांनी कारध्याला नदीत सोडल्या. पण सावडून झाल्यावर उरलेली राख ओढ्यात लोटायची होती, त्यातली टोपलंभर मी बाजूला काढली होती. तेच टोपलं, चिल्याचं. मी ती बोडीवर नेली आणि देवधानाच्या कडेला हळूहळू सोडली. अकरावी सायन्समधला एकच धडा उपयोगी पडला तो त्या दिवशी. राख पाण्यात विरते. पाणी त्यानं किंचित हिरवं होतं. हिरव्यावर डोळ्याला न दिसणारे किडे जगतात, किड्यांवर लाल पिल्लं. घोळका आला, बाई. आधी बिचकला, मग वर आला, आणि तुझ्यात तोंडं घालू लागला. खालून ती फिरत होती. माझा पाय पाण्यात होता, तर चावायला आली.

तुला मरळ मिळाली नाही. मरळीला तू मिळालीस.

पिल्लांची लाली आता गेली आहे. पट्टे आलेत. बरीच संपली असतील, काही आईच्या पोटात, काही पाणकावळ्यांच्या; मी हाकलत नाही. जी उरली ती उरली. येत्या अक्षय तृतीयेला साल माझं लागेल. डोहाला हात लावणार नाही, म्हातारीची शपथ आहे. पण बोडीतून एक चांगली मोठी मरळ काढीन, जवस घालीन, चिंच घालीन, आणि तुला पोटभर खाईन. खारट लागलीस तर नवल नाही.

वाटणीच्या आधी, वाटणीच्या नंतर, एका चुलीवर आणि दोन चुलींवर, मरळ रांधली की डोकं तूच उचललंस. मी हात पुढे केला की म्हणायचीस, धाकटीनं शेपूट खावं. यंदा डोकं मी खाईन. मांडी घालून, चोखून चोखून खाईन, आणि ताटावर कोणी हात मारणार नाही.

तेवढ्यानं त्याची चव जाईल, हे मला आत्ताच कळतंय.